जुनी नाव आणि नवा कोंपरा

माझे एक स्नेही नगरास राहतात. यंत्रकामांत त्यांची सारी हयात गेली. निवृत्त झाल्यावरही हातोडी आणि कानस त्यांच्या हातून सुटली नाहीं. दोन वर्षांपूर्वीं त्यांचे थोरले बंधु मुंबईस वारले आणि त्यांच्या मागें राहिलेल्या वस्तूंपैकीं एक मोटारबोट या स्नेह्यांच्या वांट्यास आली. बोट परदेशी बनावटीची, फायबरची, सोळा-सतरा फूट लांबीची आणि वयानें पंचेचाळिशीच्या घरांतली. नगरास समुद्र नाहीं. सीना आहे, पण ती उन्हाळ्यांत नांवापुरतीच नदी. अशा गांवांत ट्रेलरवर बसून ती बोट आली तेव्हां गल्लींतल्या मुलांची करमणूक झाली आणि वडीलधाऱ्यांनीं "आतां हिचें करायचें काय?" असा प्रश्न केला. स्नेह्यांचें उत्तर ठरलेलें होतें. "भंडारदऱ्यास नेऊं. दादाची तशी इच्छा होती."

परंतु भंडारदऱ्यास जाण्यापूर्वीं एक अडचण निघाली. बोटीच्या पुढच्या कांचेची चौकट मोडली होती. वेगानें जाणाऱ्या बोटींत वारा आणि पाण्याचे तुषार यांपासून चालविणाऱ्याचें रक्षण व्हावें म्हणून पुढें कांच असते. समोर एक आणि दोहों बाजूंस एकेक. या कांचा ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांत रबर घालून बसवितात, आणि समोरची पट्टी व बाजूची पट्टी जेथें मिळतात तेथें एक ओतीव कोंपरा असतो. वीतभर लांबीचा हा तुकडा दिसण्यांत क्षुद्र, पण दोन्ही बाजूंचा ताण तोच सोसतो. दोन निराळ्या धातूंच्या सांध्यांत खारें पाणी शिरलें म्हणजे त्यांतला एक धातु हळूहळू खाल्ला जातो. मुंबईच्या पाण्यांत पोलादी स्क्रूंच्या संगतीनें ॲल्युमिनिअमची तीच गत झाली. त्याची पांढरी भुकटी झाली, भुकटी फुगली आणि आंतल्या आंत जोर करून तिनें कोंपऱ्यास उभा तडा दिला. थोरले बंधु सुकाणूशीं उभे राहून बोट चालवीत, आणि उभें राहतांना डावा हात नेमका याच कोंपऱ्यावर ठेवीत. तेथला रंग उडून धातु गुळगुळीत झाला होता. तडा त्या गुळगुळीत जागेंतूनच गेला होता.

स्नेह्यांनीं बोट बांधणाऱ्या कंपनीस पत्र पाठविलें. उत्तर सभ्य होतें आणि एकाच ओळीचें होतें: हा भाग आतां बनविला जात नाहीं. त्यापुढील सहा महिन्यांत त्या एका तुकड्यापायीं स्नेह्यांनीं जी खटपट केली तिचा मी साक्षी होतों. ती खटपट पाहतां पाहतां माझ्या मनांत जे प्रश्न उभे राहिले ते एका बोटीपुरते नाहींत, असें वाटल्यावरून ते वाचकांपुढें मांडीत आहें.

पहिला प्रश्न त्या एका ओळीचाच. वस्तु विकणारा नेमकें काय विकतो? ती वस्तु हातीं दिली कीं त्याचें काम संपलें, कीं ती चालती ठेवण्याची कांहीं जबाबदारी त्याच्याकडे उरते? कंपनीची बाजू अगदींच लंगडी नाहीं. चौकटीच्या लांब पट्ट्या तापलेला धातु पोलादी डायच्या भोंकांतून दाबून काढतात. असा डाय करण्यास खर्च फार. हजारों पट्ट्या काढावयाच्या असतील तरच तो परवडतो. नमुना जुना झाला, मागणी थांबली, म्हणजे तोच डाय कोठारांत जागा अडवून बसतो आणि एके दिवशीं भंगारांत जातो. प्रत्येक जुन्या वस्तूचा प्रत्येक तुकडा चिरकाल करीत राहावें अशी अपेक्षा कोणत्याही कारखानदाराकडून करतां येणार नाहीं.

आमच्या जुन्या गांवांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'गांवगाडा' या ग्रंथांत बलुतेदारीचें तपशीलवार वर्णन आहे. गांवचा सुतार कुणब्याचीं औतें करी आणि तोच तीं वर्षभर दुरुस्तही करी. सुगीच्या वेळीं त्यास धान्याचा वांटा मिळे. करणारा आणि दुरुस्त करणारा हे एकच असल्यामुळें कुळवाचा दांडा मोडला तर "तो नमुना आतां बंद झाला" असें उत्तर त्याच्या तोंडून निघणेंच शक्य नव्हतें. उलट, दांडा फार लवकर मोडूं नये यांत त्याचाही स्वार्थ होता. परंतु त्या व्यवस्थेचे गोडवे गातांना तिची दुसरी बाजू झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. तेथें कर्तव्य जन्मानें चिकटलेलें होतें. सुताराच्या मुलास दुसरें कांहीं होण्याची मुभा नव्हती, आणि ज्यांच्या वांट्यास हलकीं मानलेलीं कामें आलीं त्यांना मानही नव्हता आणि कामाचा पुरता मोबदलाही नव्हता. म्हणून ती व्यवस्था गेली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. दुःख असेल तर तें इतकेंच कीं जन्माची बेडी तुटली तिच्याबरोबर केलेल्या वस्तूची जबाबदारीही सुटली.

ती जबाबदारी बेडीवांचून परत आणण्याचे प्रयत्न आतां सुरू झाले आहेत. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्याकरितां समिती नेमली. शेतीचीं अवजारें, मोबाइल, घरगुती उपकरणें आणि मोटारी हीं क्षेत्रें तिच्यापुढें होतीं. युरोपीय संघानें २०२४ सालीं याच हेतूनें कायदा केला. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. पण कायदा फार तर अमुक वर्षें सुटे भाग पुरवा असें सांगेल, त्यापुढें काय? पंचेचाळीस वर्षांच्या बोटीस कोणता कायदा कोंपरा देणार? जेथें करणाऱ्याची जबाबदारी न्यायानेंच संपते तेथें बाळगणाऱ्याची सुरू होते. ज्याला वस्तु हवी आहे त्यानेंच आतां ठरवावयाचें कीं ती कशी राखावी. माझ्या स्नेह्यांवर तोच प्रसंग आला होता.

त्यांच्यापुढें तीन मार्ग होते. पहिला मार्ग मुंबईच्या एका जुन्या बोटींच्या व्यापाऱ्यानें सुचविला. त्याच बनावटीची दुसरी एक बोट त्याच्या पाहण्यांत होती. तिचा मालक कंटाळला होता. किंमत बरी मिळाली तर पुढची सबंध चौकट उतरवून द्यावयास तो तयार होता. भाग अस्सल, कंपनीच्याच हातचा आणि सुस्थितींत.

हा निरोप आला तेव्हां मला एका जुन्या कोड्याची आठवण झाली. थीसिअस या वीराचें गलबत अथेन्सच्या लोकांनीं पिढ्यान् पिढ्या जपून ठेविलें होतें. एक फळी कुजली कीं ती काढून नवी बसवीत. अशा रीतीनें बदलत गेलेलें गलबत तेंच म्हणावें कीं दुसरें, यावर तत्त्वज्ञांत वाद चाले, असें प्लूटार्कनें लिहून ठेविलें आहे. सतराव्या शतकांत हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें तो गुंता वाढविला. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीं साठविल्या आणि त्याच क्रमानें पुन्हां जोडून दुसरें गलबत उभें केलें, तर दोहोंपैकीं खरें कोणतें? आमच्याकडे याच जातीचा प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत आला आहे. नागसेन भिक्षु मिलिंद राजास विचारतो: महाराज, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो कीं या सर्वांच्या आधारानें 'रथ' हें नुसतें नांव चालतें.

हीं कोडीं वाचतांना तीं बुद्धीचे खेळ वाटतात. पण व्यापाऱ्याच्या निरोपानें हॉब्जचें कोडें आमच्या दारीं आलें, आणि आलें तें नैतिक रूप घेऊन. दुसऱ्या नावेची चौकट या नावेस बसविली तर ही पूर्ण होईल हें खरें. पण ती दुसरी तितकीच अपुरी होईल. एकीचा तडा सांधण्याकरितां दुसरी मोडावयाची! ती भंगारांत निघालेली असती तर गोष्ट निराळी. मेलेल्याच्या वस्त्रानें जिवंताची थंडी भागवावी यांत अधर्म नाहीं. परंतु ती अजून पाण्यावर चालत होती. स्नेह्यांनीं एक रात्र विचार केला आणि सकाळीं नकार कळविला. "दादाची बोट वांचवायला दुसऱ्या कुणाच्या दादाची बोट मारायची, हें कांहीं मला जमणार नाहीं," एवढेंच ते म्हणाले. अस्सल भागाचा मोह मोठा असतो. परंतु अस्सलपणाही कोणाच्या तरी जिवावर विकत घेतां येतो, हें जुन्या वस्तूंच्या शौकिनांनीं विसरूं नये.

दुसरा मार्ग स्वस्त होता. चौकट काढून टाकावी आणि तिच्या जागीं एक वांकविलेला ॲक्रिलिकचा पत्रा बसवावा. वारा अडेल, पाणी अडेल, काम भागेल. यांत पाप कांहींच नव्हतें. पण चौकटीचें काम नुसतें कांच धरण्याचें नव्हतें. डुलणाऱ्या बोटींत उठतां बसतां हात टेंकावयास तोच आधार होता. पातळ पत्रा वारा अडवील, पण तोल गेलेल्या माणसाचें ओझें पेलणार नाहीं. तेव्हां एखादा भाग बदलावयाचा तर तो काय करीत होता, हें सारें आधीं समजून घेतलें पाहिजे. नांवानें ती वाऱ्याची कांच. पण तिचा धर्म तिच्या नांवाहून मोठा होता. जुन्या चालीरीती, जुन्या संस्था, जुनीं घरें पाडतांना अशीच चूक होत असते. त्यांचें जें काम कागदावर लिहिलेलें असतें तेवढें आम्ही नव्या साधनानें भागवितों, आणि न लिहिलेलें काम कोणीच करीनासें झालें म्हणजे मग हळहळतों.

राहिला तिसरा मार्ग: नवा कोंपरा ओतून घेण्याचा. नगरच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे लहान कारखाने आहेत. त्यांपैकीं एकास लांकडी नमुने करून देणारे एक वृद्ध मिस्त्री स्नेह्यांच्या ओळखीचे होते. आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलों. स्नेह्यांची कल्पना साधी होती. तुटलेला कोंपरा चिकटवून नीट करावा, तोच वाळूंत दाबून सांचा घ्यावा आणि त्यांत ॲल्युमिनिअम ओतावें. मिस्त्रींनीं तुकडा हातांत घेऊन उलटासुलटा केला आणि हंसून म्हणाले, "साहेब, तुम्ही मशीनवर काम केलंत, ओतकामांत नाय. ह्याच्यावरनं सांचा घेतला तर माल ह्याच्यापेक्षां बारका निघंल."

कारण असें आहे. वितळलेलें ॲल्युमिनिअम सांच्यांत ओतल्यावर थंड होतांना आखडतें. मीटरभर लांबीस सुमारें तेरा मिलिमीटर. आमच्या वीतभर कोंपऱ्यास सुमारें तीन मिलिमीटरांची तूट आली असती. स्क्रूचीं भोंकें जुळलीं नसतीं आणि कांच ताणली जाऊन पहिल्या हिसक्यास फुटली असती. त्या नकलेवरून पुन्हां नक्कल काढली तर ती आणखी तीन मिलिमीटर लहान. म्हणून नमुना मूळ वस्तूहून मोठा करावा लागतो. त्याकरितां या कारागिरांची मोजपट्टीही निराळी असते. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरापेक्षां तेवढ्या प्रमाणानें मोठा आंखलेला असतो. बाजारांत जी पट्टी खोटी ठरेल तीच येथें खरें माप देते.

मिस्त्रींच्या दुकानांत बांकावर बसून मी हें ऐकत होतों आणि मला वाटलें, परंपरेविषयीं याहून अधिक खरें वाक्य मी फारसें ऐकलेलें नाहीं. जुन्याची नुसती नक्कल केली तर ती मुळाहून लहान निघते. मुलगा बापाची, शिष्य गुरूची, एक पिढी दुसरीची केवळ बाह्य नक्कल करते, तेव्हां प्रत्येक वेळीं कांहींतरी आखडतें. आणि दहाव्या पिढीस हातीं राहतो तो एक इवलासा, कशासच न बसणारा तुकडा. मुळाएवढें माप हवें असेल तर नमुना करणाऱ्यानें मुळाहून थोडें मोठें व्हावें लागतें. तो भाग कां तसा आहे, कोठें ताण घेतो, कोठें जाड हवा, हें त्याला मूळ करणाऱ्याइतकें, किंबहुना त्याहून अधिक, कळावें लागतें. जीर्णोद्धार आणि अनुकरण यांतला भेद हाच.

जीर्णोद्धार हा शब्द या जिल्ह्यास परका नाहीं. जामखेड तालुक्यांतील चोंडी या गांवीं १७२५ सालीं अहिल्याबाई होळकरांचा जन्म झाला. त्यांचेंच नांव २०२४ सालीं या जिल्ह्यास मिळालें. काशीविश्वेश्वराचें आजचें मंदिर त्यांनीं १७८० च्या सुमारास बांधविलें. पाडल्या गेलेल्या मंदिराचे चिरे शोधून तेच पुन्हां रचावेत असा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. नव्या चिऱ्यांचें, नव्या बांधणीचें देऊळ उभें केलें. तरी तें विश्वेश्वराचेंच मंदिर झालें, कारण ज्या कामाकरितां मंदिर असतें तें काम तेथें पुन्हां सुरू झालें. चिरे बदलले, दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची रांग तीच राहिली.

नमुना तयार होऊं लागला तेव्हां एक नवाच प्रश्न निघाला. जुन्या कोंपऱ्याच्या आंतल्या बाजूस कंपनीचें चिन्ह आणि नांव उठावदार अक्षरांत ओतलेलें होतें. स्नेह्यांची इच्छा होती कीं तीं अक्षरें नव्या भागावरही असावींत. नाहींतर डावा आणि उजवा कोंपरा सारखे दिसणार नाहींत. मिस्त्रींनीं या बाबतींत मात्र मान हलविली. "तें नाय व्हायचं. त्यांनीं केलेलं नाय तें त्यांच्या नांवावर कशाला? उद्या हें तुटलं तर शिवी त्यांना, टिकलं तर मान त्यांना. दोन्ही खोटं." "मग तुमचें नांव घाला," मी म्हणालों. ते पुन्हां हंसले. "आकार त्यांचा, नांव माझं, तेंबी खोटंच कीं. साल टाकतों." आणि नव्या कोंपऱ्याच्या आंतल्या बाजूस २०२५ एवढे चार आंकडे आले.

येथें कोणी म्हणेल कीं ही फारच बारीक नीति झाली. चिन्ह असलें काय आणि नसलें काय, आंतली बाजू पाहतो कोण? परंतु दुरुस्तीची नीति नेमकी आंतल्या बाजूसच असते. जी दुरुस्ती स्वतःला लपविते ती पुढच्या दुरुस्त करणाऱ्यास फसविते. उद्यां वीस वर्षांनीं कोणी हा कोंपरा काढील तेव्हां त्याला कळलें पाहिजे कीं हा मूळचा नव्हे, याची धातु निराळी, याच्या ताकदीचा अंदाज निराळा करावा. त्या पाट्यांमागें बसणाऱ्या माणसाचा जीव त्या चार आंकड्यांवर अवलंबून असूं शकेल.

आमच्या जुन्या लेखनपद्धतींत 'नाव' आणि 'नांव' यांत एका बिंदूचेंच अंतर आहे. पण व्यवहारांत तें अंतर जपलें पाहिजे. मुंबईच्या गोदींत १८१७ सालीं जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं मलबारी सागवानाची 'ट्रिंकोमाली' ही लढाऊ नौका बांधली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आहे. मधल्या काळांत तिला 'फूद्रॉयां' असें दुसऱ्याच एका जहाजाचें नांव देण्यांत आलें होतें. १९९० पासून २००१ पर्यंत तिचा जीर्णोद्धार चालला, आणि तो चालू असतांना १९९२ सालीं तिचें मूळ नांव तिला परत दिलें गेलें. लांकूड बदललें तरी नांव खरें ठेवणें, यास मी प्रामाणिक दुरुस्ती म्हणतों. उलट लांकूड तेंच असून नांव खोटें असेल, तर ती नाव तेवढ्यापुरती हरवलेलीच असते.

शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. कोंपरा ओतून आला, कानशीनें साफ झाला, जागीं बसला. या वेळीं स्क्रू आणि धातु यांच्यामध्यें नायलॉनच्या चकत्या घातल्या, म्हणजे पुन्हां तें वैर नको. सारें ठीक झालें. तरी स्नेही त्याच्याकडे पाहत गप्प उभे राहिले. थोड्या वेळानें ते मिस्त्रींस म्हणाले, "इथें थोडें घांसून गुळगुळीत करून द्याल कां? पूर्वीं होतें तसें." थोरल्या बंधूंच्या हाताची ती जागा. मिस्त्रींनीं त्यांच्याकडे पाहिलें. त्यांना सारी हकीकत ठाऊक नव्हती, पण कांहींतरी उमगलें असावें. ते हळूच म्हणाले, "घांसून देतों साहेब, पण ती घांसलेली दिसंल. झिजलेली नाय दिसायची."

स्नेह्यांनीं तो आग्रह सोडला. झीज ओततां येत नाहीं. ती हाताची असते आणि काळाची असते; ती विकत घेतां येत नाहीं, बनवितां येत नाहीं, फक्त जपतां येते. म्हणून तुटलेला जुना कोंपरा त्यांनीं भंगारांत टाकला नाहीं. तो घरीं देवळीच्या शेजारीं फडताळांत ठेवला आहे. यावर एका तर्ककर्कश मित्रानें त्यांना विचारलें, "आतां दादांची आठवण फडताळांत कीं बोटींत?" प्रश्न चुकीचा आहे. एकाच वस्तूकडून दोन कामें होत होतीं. तीं आतां दोन वस्तूंनीं वांटून घेतलीं. जुना तुकडा साक्ष देतो, नवा ओझें पेलतो. नगरासच याचें मोठें उदाहरण आहे. १९९४ सालीं येथें उघडलेल्या रणगाड्यांच्या संग्रहालयांत जुन्या रोल्स-रॉइस चिलखती मोटारीपासून १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंत वाहनें ओळीनें उभीं आहेत. त्यांचें काम आतां चालण्याचें नाहीं, साक्ष देण्याचें आहे. म्हणून तेथें जुना, तुटका भागही अनमोल. परंतु जी वस्तु अजून माणसें वाहून नेते तिला साक्षीदार करून ठेवणें म्हणजे तिचा छळ करणें होय. तिच्या अंगावर तुटका कोंपरा तसाच ठेवला तर ती भक्ति नव्हे. ती बसणाऱ्यांच्या जिवाशीं बेफिकिरी.

गेल्या हिंवाळ्यांत रीतसर परवानगी काढून आम्ही ती नाव भंडारदऱ्यास नेली. तेथलें धरण १९२६ सालीं पुरें झालें. प्रवरेचें पाणी अडविणारी ही प्रचंड दगडी भिंत त्रेचाळीस वर्षें नीट उभी राहिली, आणि १९६९ सालीं तिला तडे गेलेले दिसून आले. तेव्हां अभियंत्यांनीं भिंत पाडली नाहीं आणि तडे नुसते लिंपून झांकलेही नाहींत; भिंतीच्या पाठीशीं भक्कम टेकू बांधून तिला बळकट केलें. धरण तेंच, नांव तेंच. टेकू मात्र उघड. त्यांच्या भरंवशावर खालच्या खोऱ्यांतली ऊंसशेती आजवर उभी आहे. मिस्त्रींच्या चार आंकड्यांमागें जी नीति होती तीच या टेकूंमागें आहे, असें मला त्या दिवशीं वाटलें.

नाव पाण्यांत उतरली. इंजिन सुरू झालें. स्नेही सुकाणूशीं बसले होते. जरा वेळानें, समोरून वाऱ्याचा झोत आला तेव्हां, ते उभे राहिले आणि त्यांचा डावा हात आपोआप त्या नव्या कोंपऱ्यावर गेला. त्यांच्या तें ध्यानांतही आलें नसावें. नवा धातु उन्हांत चमकत होता, दुसऱ्या बाजूच्या जुन्या कोंपऱ्याशीं त्याचा रंग मुळींच जुळत नव्हता.

ही तीच नाव काय? कंपनीच्या दृष्टीनें ती केव्हांच संपली होती. द्रव्य पाहिलें तर ती थोडी बदलली. पण नागसेनानें मला विचारलें असतें तर मी म्हटलें असतें: महाराज, आंसांत रथ नसेल, चाकांतही नसेल, परंतु मोडलेला आंस पाहून जो कोणी रात्रभर विचार करतो, दुसऱ्याचा रथ न मोडतां नवा आंस करवितो आणि तो नवा आहे हें लपवीत नाहीं, त्याच्या त्या काळजींत रथाचा रथपणा शिल्लक राहतो. करणाऱ्यानें हात काढून घेतल्यावरही वस्तु जगूं शकते, जर बाळगणाऱ्यानें हात पुढें केला तर.

परततांना मीं त्या कोंपऱ्यावर बोट फिरवून पाहिलें. तो अजून खरबरीत होता. स्नेह्यांचा नातू शेजारीं बसला होता, तो म्हणाला, "आजोबा, हें टोंचतंय." स्नेही म्हणाले, "टोंचेल थोडे दिवस. हात लागून लागून होईल गुळगुळीत."